समतोल गट : नेमका कशाचा समतोल?

प्रास्ताविक

वर्गातील विद्यार्थ्यांचे गट कसे पाडावेत, या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर आपल्याकडील अध्यापनशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतून, उजळणी वर्गांतून आणि उद्बोधन कार्यक्रमांतून वर्षानुवर्षे दिले जात आहे. गट चारपाच जणांचा असावा. त्यात एक हुशार, दोन मध्यम व एक अप्रगत विद्यार्थी असावा. मुले-मुली मिसळलेली असावीत. म्हणजे गट समतोल होतो, आणि गट समतोल झाला की हुशार विद्यार्थी अप्रगतांना सांभाळून घेतात. हे उत्तर इतके सोपे आणि सद्भावनेचे आहे, की त्याची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. ती गरज आता अधिक तीव्र झाली आहे. नॅकच्या २०१७ च्या मूल्यांकन आराखड्यापासून विद्यार्थिकेंद्री अध्यापनाचा तपशील महाविद्यालयांना स्वतंत्रपणे द्यावा लागू लागला. आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत लागू झालेल्या पदवीच्या रचनेत क्षेत्रप्रकल्प व समाजसंपर्काचे उपक्रम यांना श्रेयांक मिळाले. गटकार्य हा पूर्वी एखाद्या उत्साही प्राध्यापकाच्या आवडीचा भाग होता; आता तो विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेचा भाग आहे. गट कसा पाडला यावर कोणाला किती गुण मिळतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणाला बोलावयास मिळते, हे ठरू लागले आहे.

उपरोक्त सूत्र विद्यार्थ्यांची वाटणी करते. कामाची आणि मानाची करीत नाही. ज्या समाजात मान आधीच वाटला गेलेला असतो, तेथे अशी अर्धी वाटणी ज्याच्या हितासाठी केली त्याच्याच मुळावर येऊ शकते, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

सूत्राचे मूळ आणि त्याचे अंकगणित

'एक हुशार, दोन मध्यम, एक अप्रगत' ही रचना आज सर्वांची झाली असली, तरी तिचे सर्वांत व्यवस्थित रूप अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे रॉबर्ट स्लॅव्हिन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात विकसित केलेल्या सहकारी अध्ययनाच्या पद्धतीत सापडते. वर्गाची गुणानुक्रमे यादी करावयाची. वरून खाली येताना प्रत्येक नावापुढे गटाचे अक्षर लिहीत जावयाचे. अक्षरे संपली की उलट्या क्रमाने परत यावयाचे. आणि मग तळापासून वर येताना हेच पुन्हा करावयाचे. शेवटी स्त्री-पुरुष व वांशिक प्रमाण पाहून काही नावांची अदलाबदल करावयाची.

समजा, वर्गात ३२ विद्यार्थी आहेत व आठ गट करावयाचे आहेत. या रीतीने पहिल्या गटात १, १६, १७ व ३२ या क्रमांकांचे विद्यार्थी येतात. आठव्या गटात ८, ९, २४ व २५ या क्रमांकांचे. दोन्ही गटांतील क्रमांकांची बेरीज ६६ भरते. मधल्या सहा गटांचीही तितकीच भरते. तराजू सरळ राहिला. परंतु पहिल्या गटातील सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा विद्यार्थी यांच्यात ३१ क्रमांकांचे अंतर आहे, तर आठव्या गटात ते अवघे १७ चे आहे. आठव्या गटात आठवा आणि नववा हे एकमेकांशी हुज्जत घालू शकतील, चोविसावा पंचविसाव्याला आपली शंका न लाजता विचारू शकेल. पहिल्या गटात मात्र वर्गातील पहिला विद्यार्थी आणि शेवटचा विद्यार्थी समोरासमोर बसले आहेत आणि दोघांच्याही जोडीला त्यांच्यासारखे कोणी नाही. शिवाय वर्गातील प्रत्येक जण हे ओळखून असतो, की कोणाला कोणासाठी तेथे बसविले आहे. बेरीज सारखी असणे आणि अनुभव सारखा असणे या दोन भिन्न गोष्टी होत. 'समतोल' या शब्दात तोल आहे आणि तोल म्हटला की वजनकाटा आला. काट्याला वजन कळते, पारड्यात काय ठेवले आहे ते कळत नाही.

येथे स्लॅव्हिन यांच्यावर अन्याय होऊ नये. केवळ संमिश्र गट पाडल्याने अध्ययन सुधारते, असा त्यांचा दावा कधीही नव्हता. गटाला मिळून गाठावयाचे उद्दिष्ट आणि प्रत्येक सदस्याचे व्यक्तिगत उत्तरदायित्व या दोन्ही अटी एकत्र पूर्ण झाल्या तरच सहकारी अध्ययनाचे फळ दिसते, यावर त्यांचा सतत भर राहिला. त्यांच्या पद्धतीत विद्यार्थी चाचणी एकट्याने देतो आणि गटासाठी गुण मिळवितो ते स्वतःच्या पूर्वीच्या सरासरीत केलेल्या सुधारणेनुसार. त्यामुळे पस्तीसवरून पंचेचाळीसवर आलेला विद्यार्थी गटाच्या खात्यात जितकी भर घालतो, तितकी नव्वदवर स्थिर राहिलेला घालीलच असे नाही. म्हणजे अप्रगत विद्यार्थी हा गटावरचा बोजा न राहता गटाची कमाई होऊ शकतो. खरे पाहता समतोल साधला जातो तो या तरतुदीने. गुणानुक्रमाची यादी ही केवळ तिची पूर्वतयारी होती. आपल्याकडे आली ती पूर्वतयारी. सुधारणेचे गुण वाटेत कोठेतरी राहिले, कारण ते द्यावयाचे तर दर पंधरा दिवसांनी चाचणी घेऊन प्रत्येकाचा हिशेब ठेवावा लागतो आणि विद्यापीठाच्या गुणपत्रकात त्यासाठी रकाना नसतो.

ऑस्टिनमधील प्रयोगाचा विसरलेला अर्धा भाग

असाच प्रकार 'जिगसॉ' पद्धतीच्या बाबतीत झाला आहे. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राऊन' खटल्यात शाळांतील वांशिक विभाजन घटनाबाह्य ठरविले. त्याच वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहांवरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की दोन समाजगटांतील संपर्काने पूर्वग्रह कमी होण्यास समान दर्जा, सामाईक उद्दिष्ट, परस्परसहकार्य आणि अधिकारी संस्थेचा पाठिंबा या अटी आवश्यक असतात. नुसते शेजारी बसविणे पुरेसे नाही, हे तेव्हाच सांगून झाले होते. टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे प्रत्यक्ष एकत्रीकरण सुरू झाले तेव्हा गोरी, कृष्णवर्णीय व मेक्सिकन वंशाची मुले एका वर्गात आली आणि तणाव विकोपास गेला. १९७१ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांना पाचारण करण्यात आले ते या स्थितीत.

या घटनाक्रमातील एक बाब आपल्या व्याख्यानांतून सहसा निसटते. अॅरन्सन यांच्या हाती वर्ग आला तो संमिश्रच होता. न्यायालयाने आणि शाळा प्रशासनाने मिश्रण आधीच करून ठेवले होते, आणि त्या मिश्रणातूनच तणाव निर्माण झाला होता. त्यांनी पाच-सहा मुलांचे संमिश्र गट केले हे खरे. पण परिस्थिती पालटली ती पाठ कापल्यामुळे. एखाद्या चरित्राचे पाच भाग करून एकेका मुलाला एकेक भाग दिला. परीक्षा सर्वांची सर्व भागांवर होणार होती. समान भाग मिळालेली मुले आधी एकत्र बसून तो तयार करीत व मग आपापल्या गटात परतून इतरांना शिकवीत. अडखळत इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला हसणे आता परवडणारे नव्हते, कारण त्याच्याजवळचा भाग दुसऱ्या कोणाकडेही नव्हता. त्याचे ऐकून घ्यावे लागले, त्याला प्रश्न विचारून बोलते करावे लागले.

आपल्या महाविद्यालयांत जिगसॉचे जे रूप रुळले आहे त्यात प्रकरणाचे पाच भाग पाडले जातात, पण त्याच प्रकरणाच्या छापील नोट्स साऱ्यांच्या मोबाइलवर आधीच असतात. कोणाचेही कोणावाचून अडत नाही. अडत नसेल तर ऐकण्याचे कारण उरत नाही. मग चौघांपैकी ज्याचा आवाज मोठा त्याचे वाचन होते आणि छायाचित्र काढून अहवालास जोडले जाते.

लेखनिक कोण होतो?

गटांतील असमानतेचे सर्वांत मर्मग्राही विवेचन स्टॅनफर्ड विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ एलिझाबेथ कोहेन यांनी केले आहे. गटकार्याची आखणी कशी करावी यावरचा त्यांचा ग्रंथ १९८६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. त्यांचे मूळ निरीक्षण असे, की गट स्थापन होताच त्यात दर्जाची उतरंड तयार होते आणि ती बाहेरच्या जगातून व वर्गातील लौकिकातून आयती येते. जो 'हुशार' म्हणून ओळखला जातो, ज्याला मित्र अधिक आहेत, ज्याची भाषा शिक्षकांच्या भाषेशी जुळते, त्याच्याकडून सर्वांची अपेक्षा अधिक असते. म्हणून तो अधिक बोलतो. अधिक बोलतो म्हणून अधिक शिकतो. आणि अधिक शिकल्याने मूळची अपेक्षा खरी ठरते. हातातील कामाचा त्या लौकिकाशी काडीचाही संबंध नसला तरी हे घडते. याचा अर्थ असा, की गुणांच्या आधारे 'समतोल' केलेल्या गटात शिक्षकाने स्वतःच्या हाताने उतरंड रचलेली असते, आणि वर तिला समतोल असे नाव दिलेले असते.

हे समजण्यास परदेशी संशोधनाची आवश्यकता आहे असे नाही. पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही प्रात्यक्षिकाच्या वेळी प्रयोगशाळेच्या दारात पाच मिनिटे उभे राहावे. उपकरणावर एकाचा हात असतो, दुसरा वाचन सांगतो, तिसरा मोबाइल पाहतो आणि निरीक्षण-तक्ता लिहीत असते ती गटातील एकमेव मुलगी, कारण तिचे अक्षर चांगले असते. सर्वेक्षणाच्या प्रकल्पात गावात हिंडावयाचे मुलांनी आणि प्रश्नावल्यांची टाचणे काढावयाची मुलींनी. खेड्यातून मराठी माध्यमात शिकून आलेला विद्यार्थी वाणिज्य शाखेच्या सादरीकरणात स्लाइड पुढे सरकविण्याचे काम करतो. हजेरीपटावर चौघेही उपस्थित आहेत, चौघांनाही समान गुण आहेत. कागदोपत्री या गटात खोट काढता येणार नाही.

मिनेसोटा विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या गटांचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया हेलर व मार्क हॉलाबाऊ यांनी १९९२ मध्ये नोंदविलेला अनुभव या संदर्भात बोलका आहे. तीन जणांचे, भिन्न क्षमतांचे गट त्यांना सर्वाधिक उपयुक्त वाटले. परंतु दोन मुलगे व एक मुलगी अशी रचना असेल तर मुलगे चर्चा ताब्यात घेत, आणि त्या तिघांत ती मुलगीच अधिक सक्षम असली तरी तिचे ऐकले जात नसे. गटातील भूमिका ठरवून देऊन त्या आळीपाळीने बदलण्याचा आणि तिघांत एकटी मुलगी न ठेवण्याचा मार्ग त्यांनी अवलंबिला. पुढे निलांजना दासगुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनींवर केलेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चौघांच्या गटातील मुलींचे प्रमाण २५, ५० व ७५ टक्के ठेवून पाहिले. मुली सर्वाधिक बोलल्या त्या ७५ टक्क्यांच्या गटांत. चौघांत एकट्या पडलेल्या मुली सर्वांत कमी.

आता आपली नेहमीची स्थिती घ्यावी. वीस जणांची बॅच, त्यात पाच मुली. समतोलाच्या सूत्राप्रमाणे चौघांचे पाच गट होतील आणि प्रत्येक गटाला 'एक' मुलगी मिळेल. यादी फार सुबक दिसते. प्रत्यक्षात पाचही मुलींना एकटे पाडले गेलेले असते. दोन गटांत मिळून पाच मुली आणि तीन गट केवळ मुलग्यांचे, ही यादी एखाद्या तपासणी समितीला असमतोल वाटेल. पण निदान पहिल्या वर्षात तरी तीच अधिक न्याय्य होय, असे आमचे मत आहे. जो युक्तिवाद मुलींना लागू तोच इंग्रजी माध्यमाच्या वर्गातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना, आणि बारावीनंतर प्रथमच गाव सोडून आलेल्यांना. विखुरणे म्हणजे सामावून घेणे नव्हे.

मध्यम विद्यार्थ्यांविषयी एक शब्द. सूत्रात त्यांची संख्या दोन, म्हणजे निम्मी. पण त्यांच्या वाट्याला काय येते याची विचारपूस होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील नोरीन वेब यांनी दाखवून दिले, की गटात शिकतो तो समजावून सांगणारा. आणि नुसते तयार उत्तर मिळालेल्याचा काही लाभ होत नाही. हुशार, मध्यम व अप्रगत एकत्र आले की पहिला व तिसरा यांच्यात गुरुशिष्याचे नाते जुळते आणि मधला समजावून सांगण्यातही नसतो व विचारण्यातही नसतो. वर्गांतर्गत गटांवरील अनेक अभ्यासांचे यीपिंग लू आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये जे एकत्रित विश्लेषण केले त्यात अप्रगत विद्यार्थ्यांना संमिश्र गटांचा लाभ झाल्याचे, मध्यम विद्यार्थ्यांना मात्र सारख्या क्षमतेच्या गटांत अधिक लाभ झाल्याचे आणि हुशारांच्या बाबतीत फारसा फरक न पडल्याचे दिसून आले. वर्गातील सर्वांत मोठ्या समूहाची ही किंमत आपण गृहीत धरतच नाही.

कोल्हापूर आणि सातारा

संमिश्र गट की एकसारखे गट, हा वाद महाराष्ट्रात नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी तो वसतिगृहांच्या रूपाने झडून गेला आहे आणि त्याची आठवण गटकार्याच्या चर्चेत कोणी काढीत नाही, याचे नवल वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयाशी निगडित, सर्व जातींसाठी खुले असे वसतिगृह होते. दार सर्वांना उघडे होते. परंतु काही वर्षांतच ते व्यवहारतः ब्राह्मण विद्यार्थ्यांचे होऊन बसले. दर्जाच्या उतरंडीने खुल्या रचनेचा असा ताबा घेतल्यावर राजर्षी शाहू महाराजांनी वेगळा मार्ग पत्करला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैनांचे वसतिगृह, पुढे मुस्लिमांचे, लिंगायतांचे, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. जातवार वसतिगृहे काढणारे महाराज जातिभेदाचे कट्टर विरोधक होते, हे वेगळे सांगावयास नको. ज्यांना एकत्र बसवून बोलता येत नव्हते त्यांना आधी आपापल्या ठिकाणी उभे राहता यावे, ही त्यामागील दृष्टी होती.

त्याच कोल्हापुरात जैन वसतिगृहात राहून शिकलेले भाऊराव पाटील यांनी नेमकी उलट रचना केली. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाल्यावर १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी जे वसतिगृह सुरू केले, ज्याचे १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले, त्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, एका पंक्तीला जेवीत. शिष्याने संमिश्र वसतिगृह काढून त्याला नाव दिले ते जातवार वसतिगृहे काढणाऱ्या महाराजांचे. यात विसंगती नाही. कोल्हापूरचे खुले वसतिगृह आणि साताऱ्याचे बोर्डिंग यांची रचना वरवर एकच होती. फरक होता तो कामात. साताऱ्यात दळण, पाणी, स्वयंपाक, शेतातील श्रम हे सर्वांच्या वाट्याला होते. ज्या कामांवरून जात ओळखली जाते तीच कामे पाळीने सर्वांनी करावयाची होती. ऑलपोर्ट यांच्या चारही अटी तेथे त्या लिहिल्या जाण्यापूर्वी तीस वर्षे पाळल्या जात होत्या.

यातून आजच्या वर्गासाठी निघणारा प्रश्न अवघड आहे. सामाजिक दृष्ट्या समतोल गट करावयाचा तर शिक्षकाला विद्यार्थ्याची जात, माध्यम, आर्थिक स्थिती ठाऊक असावी लागते. आणि तीच माहिती वर्गात उघड झाली की अपाय होतो. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील ६४२ शाळकरी मुलांवर केलेला व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. चक्रव्यूहाची कोडी सोडविताना, मुलांची जात जाहीर केलेली नसता उच्च व निम्न मानल्या गेलेल्या जातींतील मुलांच्या कामगिरीत लक्षणीय फरक नव्हता. संमिश्र गटात नावांबरोबर जाती मोठ्याने वाचल्या जाताच निम्न मानल्या गेलेल्या जातींतील मुलांची कामगिरी घसरली. कोडी तीच, मुले तशीच. डॉ. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत शाळेतील वेगळ्या गोणपाटाची हकिगत लिहून ठेवली आहे. ते गोणपाट हीसुद्धा एक बैठकव्यवस्था होती आणि ती शाळेनेच चालविली होती.

आपल्याकडे जातीचा उच्चार वर्गात होत नाही असे म्हणून चालणार नाही. आडनाव उच्चारले की पुष्कळ वेळा तो होतोच. दिल्लीतील खाजगी शाळांना २००७ पासून गरीब मुलांसाठी जागा राखून ठेवणे भाग पडले. त्याच्या परिणामांचा गौतम राव यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना असे आढळले, की गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुले अधिक उदार झाली आणि त्यांचा भेदभाव कमी झाला. आणि यातील मोठा वाटा प्रत्यक्ष सहवासाचा होता. सहवासाचा परिणाम वेगळा काढणे त्यांना शक्य झाले ते एका प्रशासकीय योगायोगामुळे. त्यांपैकी काही शाळांत अभ्यासगट मुलांच्या पहिल्या नावाच्या वर्णानुक्रमे पाडले जात. वर्णानुक्रमाने पाडलेले गट म्हणजे जणू सोडतच.

महाराष्ट्रात ती सोडत राहत नाही, कारण आपला हजेरीपट आडनावाने सुरू होतो. सारखी आडनावे एकाखाली एक येतात आणि रोल नंबराने चारचार जणांचे गट पाडले की एखादा गट सगळा एका आडनावाचा निघतो. प्रवेशफेरीच्या क्रमाने रोल नंबर दिले असतील तर त्याहून वाईट. शेवटच्या फेरीतून आलेले विद्यार्थी शेवटच्या बॅचमध्ये एकवटतात आणि 'डी बॅच' हे त्यांचे तीन वर्षांचे नाव होऊन बसते. ज्यांना आपण कोणताही निकष न लावता, केवळ सोयीसाठी पाडलेले गट म्हणतो त्यांनाही असा निकष असतो. फक्त तो आपण ठरविलेला नसतो.

मिसळण्याने आपोआप सलोखा होतो हा समजही येथे तपासून घ्यावा. उत्तर प्रदेशात मॅट लो यांनी भिन्न जातींच्या १,२६१ तरुणांपैकी काहींना क्रिकेटच्या संघांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागून जो प्रयोग केला, त्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की एका संघात खेळल्याने जातीपलीकडील मैत्री वाढली. प्रतिस्पर्धी म्हणून समोरासमोर आल्याने मात्र उलट परिणाम झाला. आपल्या गटकार्याचा शेवट पुष्कळदा 'उत्कृष्ट गटा'च्या पारितोषिकाने होतो. गट एकसारखे पाडलेले असतील आणि त्यांच्यात स्पर्धा लावली असेल, तर काय साधले जाईल याचा विचार व्हावा.

शिक्षकाच्या हातात काय आहे

कोहेन यांनी सुचविलेले दोन उपाय आहेत. काम असे असावे, की त्यास अनेक प्रकारच्या क्षमता लागतील व त्या सर्व एका व्यक्तीत असणार नाहीत; आणि दर्जाने खाली मानल्या गेलेल्या विद्यार्थ्याने एखादी गोष्ट खरोखर उत्तम केली, तर शिक्षकाने ती नेमकेपणाने सर्वांसमक्ष सांगावी. पहिला उपाय आपल्याकडे निःशंकपणे स्वीकारावा. दुसऱ्याविषयी आमची शंका आहे. कोहेन यांचे बरेचसे काम कॅलिफोर्नियातील प्राथमिक शाळांच्या वर्गांत झाले. प्रथम वर्ष कला शाखेच्या शंभरावर विद्यार्थ्यांच्या वर्गात शिक्षकाला कोणाचे काय उत्तम झाले हे दिसणेच दुरापास्त आहे. शिवाय अठरा वर्षांच्या तरुणाची जाहीर प्रशंसा किंचितही अधिक झाली तर ती दयेसारखी ऐकू येते, आणि ज्याची केली तो पुढच्या तासाला शेवटच्या बाकावर जाऊन बसतो.

रचनेच्या बाबतीत गुणांपेक्षा अधिक उपयोगी पडणारी, आणि कोणाचाही दर्जा उघड न करणारी, माहिती पुष्कळ आहे. बार्बरा ओकली, रिचर्ड फेल्डर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अभियांत्रिकीच्या शिक्षकांसाठी केलेल्या सूचनांत भिन्न क्षमतांबरोबरच वर्गाबाहेर भेटण्यासाठी सामाईक मोकळा वेळ असावा, ही अट घातली आहे. आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयांत तर ही अट पहिली असावयास हवी. साडेचारची एस.टी. चुकली तर जिला घरी जाता येत नाही, तिला 'तास संपल्यावर ग्रंथालयात बसू' म्हणणाऱ्या गटात घातले, की ती प्रकल्पाबाहेर पडली. मग तिला वाट्याला येते ते घरी नेऊन करता येण्याजोगे काम, म्हणजे पुन्हा लेखनच. सकाळी दुकानात वा दूध संकलन केंद्रावर काम करून येणाऱ्यांचेही तसेच. कोणती एस.टी., घरी संगणक आहे का, शालेय माध्यम कोणते, यापूर्वी काय केले आहे : मुलाखत घेणे, हिशेब, नकाशा, छायाचित्रण, मोडी वाचन, शेतीची माहिती. सत्राच्या पहिल्या आठवड्यात एका चिठ्ठीवर एवढे लिहून घेतले, तर समतोलाचा विचार करण्यास खरे साहित्य हाती येते.

गुणांचा प्रश्न याहून किचकट आहे. चौघांना सारखे अंतर्गत गुण दिले, की ज्याने काम केले नाही तो सुटतो आणि जिने तिघांचे केले ती गप्प बसते, कारण तक्रार करणे म्हणजे वर्षभराचे वैर. सदस्यांनी एकमेकांना गुण द्यावेत हा सुचविला जाणारा मार्ग आपल्या वर्गांत सावधपणे वापरावा. ज्या उतरंडीविषयी वर लिहिले तीच त्या गुणांतून पुन्हा उमटण्याचा धोका असतो. त्यापेक्षा अहवाल गटाचा आणि तोंडी परीक्षा एकेकट्याची, तीही दुसऱ्याच्या वाट्याच्या कामावर, ही जुनी रीत बरी. सर्वेक्षणाला गेलेल्या मुलाला तक्त्यांवर प्रश्न विचारावेत, तक्ते करणारीला गावावर. असे होणार हे सत्राच्या आरंभी सांगितले, तर कामे आपोआप अदलाबदलीने होतात, असा प्रस्तुत लेखकाचा काही वर्षांचा अनुभव आहे. वेळ मात्र लागतो : साठ विद्यार्थ्यांना प्रत्येकी आठ मिनिटे म्हणजे आठ तास, आणि कार्यभाराच्या तक्त्यात हे आठ तास कोठेही धरले जात नाहीत.

गटांची यादी शिक्षकाने स्वतः तयार करावी आणि त्यामागचा हिशेब स्वतःपाशी ठेवावा. फलकावर लावताना नावांपुढे गुण, प्रवर्ग किंवा प्रवेशफेरी यांचा मागमूस नसावा. गटांना क्रमांकांऐवजी नद्यांची वा झाडांची नावे दिली तरी चालतील. विद्यार्थ्यांची नावे पहिल्या नावाने लिहावीत, आडनाव नंतर. सहा-सात आठवड्यांनी गट मोडून नवे पाडावेत, आणि नवी यादी करताना जुन्या गटांत निरीक्षणे कोणी लिहिली आणि उपकरणाला हात कोणाचा लागला, याची टिपणे समोर ठेवावीत.